दुसरा भाग ‘डायरेक्ट’ खेळू नका!

आमच्या हॉस्टेलवर काही गोष्टी वेदवाक्यासारख्या चालतात. रविवारी नऊच्या आत मेसला पोचलं नाही तर पोहे मिळत नाहीत, एम-थ्रीचा अभ्यास नुसत्या पीएलमध्ये होत नाही, आणि ‘फ्रीस्पेस’ खेळायचाच असेल तर पहिला भाग सोडून डायरेक्ट दुसरा खेळायचा. पहिल्या दोन गोष्टींबद्दल माझं काही म्हणणं नाही. तिसरीबद्दल मात्र आहे, आणि ते एवढं आहे की मराठी विभागाने मागितलेल्या ‘काहीतरी हलकंफुलकं’ लेखाच्या जागी मी हेच लिहून दिलं आहे. (कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी अर्धं घरचं आणि अर्धं कँटीनचं आहे. सांभाळून घ्या.)

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी, म्हणजे मुख्यतः स्टाफरूममधल्या वाचकांसाठी, थोडक्यात सांगते. ‘डिसेंट: फ्रीस्पेस – द ग्रेट वॉर’ हा कॉम्प्युटरवरचा खेळ १९९८ साली आला. बनवला अमेरिकेतल्या व्होलिशन या कंपनीने, विकला इंटरप्लेने. नुसतं ‘फ्रीस्पेस’ हे नाव दुसऱ्या एका सॉफ्टवेअरने आधीच घेतलेलं होतं, म्हणून पुढे ‘डिसेंट’चं शेपूट लागलं. (शेपूट पुढे कसं लागतं ते विचारू नका!) पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, ‘फ्रीस्पेस २’ आला. दोन्हींत तुम्ही एका छोट्या लढाऊ यानाच्या कॉकपिटमध्ये बसता. कमांडकडून ऑर्डर येते आणि तुम्ही अंतराळात जाऊन लढता. इंजिन, शील्ड आणि बंदुका यांच्यात वीज किती वाटायची हे लढता लढता ठरवावं लागतं. शील्डचे चार भाग असतात, मागून मार बसला की पुढची शक्ती मागे वळवायची. सोबतच्या पायलटांना हुकूम द्यायचे. तुम्हाला नाव नाही. तुम्ही फक्त ‘अल्फा वन’.

हा सगळा मसाला दोन्ही भागांत जवळजवळ सारखाच आहे. मेकॅनिकलवाल्यांची नेहमीची तक्रारसुद्धा दोन्हीकडे सारखीच लागू पडते, की इंजिन बंद केलं की यान थांबतं. न्यूटनच्या पहिल्या नियमाला दोन्ही भागांनी एकसारखीच टांग मारली आहे, त्यामुळे तुलनेतून तो मुद्दा बाद.

आता पब्लिकचं म्हणणं काय, तर दुसरा भाग सगळ्याच बाबतीत वरचढ आहे, मग पहिल्यात वेळ का घालवा? यातला अर्धा भाग मी आधीच मान्य करून टाकते, म्हणजे भांडण सोपं होईल.

पहिल्या भागात मोठ्या युद्धनौका एकमेकींसमोर आल्या की रंगीत गोळे फेकत बसतात. दोन किलोमीटर लांबीचं ‘ओरायन’ जातीचं जहाज, पण त्याचा मारा बघून दिवाळीतल्या रोषणाईची आठवण येते. कोण जिंकतंय हे कळायला वेळ लागतो, आणि शेवटी बहुतेक वेळा ते काम तुम्हालाच करावं लागतं. दुसऱ्या भागात मोठ्या जहाजांवर बीम तोफा आल्या. एक सरळ झगझगीत रेघ, आणि समोरची क्रूझर काही सेकंदांत दोन तुकडे. छोट्या यानांना हाकलायला फ्लॅक तोफा आल्या. तुम्ही त्या दोघांच्या मध्ये सापडलात की पहिल्यांदा लक्षात येतं की आपण किती बारके आहोत. त्यात भर म्हणजे नेब्युलातल्या मिशन्स. चारी बाजूंनी धुकं, रडार बिघडलेलं, शत्रू थेट नाकासमोर येईपर्यंत दिसत नाही. चित्रंही सुधारली. पहिला भाग ६४० बाय ४८० मध्ये चालायचा, दुसरा १०२४ बाय ७६८ पर्यंत गेला. वर्षभरात एवढी सुधारणा कोणी केली तर एक्स्टर्नल खुश होऊन पैकीच्या पैकी देईल.

म्हणजे यंत्र म्हणून दुसरा भाग सरस, यात वाद नाही. पण ‘म्हणून पहिला सोडा’ हा निष्कर्ष यातून निघत नाही. माझं म्हणणं उलटं आहे. दुसरा भाग एवढा भारी आहे तो पहिल्यामुळे, आणि पहिला न खेळता दुसरा खेळणाऱ्याला त्यातला जेमतेम निम्मा खेळ दिसतो. (पुढे दोन्ही कथा फोडलेल्या आहेत. पंचवीस वर्षांहून जुन्या खेळाच्या बाबतीत कोणी रागावू नये.)

पहिल्या भागाची सुरुवात एका रेंगाळलेल्या युद्धाने होते. साल २३३५. टेरन, म्हणजे आपण माणसं, आणि वासुदन नावाची परकी जमात गेली चौदा वर्षं एकमेकांचे गळे धरून बसले आहेत. अशात तिसराच कोणीतरी येतो. ना बोलणं, ना मागणी, ना इशारा. सरळ कत्तल. खेळातली माणसं त्यांना ‘शिवन’ म्हणतात, संहाराचा देव म्हणून आपल्या शंकराच्या नावावरून. त्यांच्या सगळ्यात मोठ्या जहाजाचं नाव ठेवतात ‘ल्युसिफर’. शंकर मला आजीने सांगितला आणि ल्युसिफर शाळेतल्या एका सिस्टरनी. हे दोघे एकाच बाजूने लढताना बघायला मिळतील असं त्या दोघींनाही कधी वाटलं नसेल!

आता हा नवा शत्रू खेळणाऱ्याच्या हाताला कसा जाणवतो ते बघा. सुरुवातीच्या मिशन्समध्ये तुमच्या यानाला शील्डच नसते. शिवनांना असते. तुमच्या सेन्सरला ते धड सापडत नाहीत, त्यामुळे मिसाईलचं कुलूप लागत नाही. तुम्ही गोळ्या मारता, समोरचा निळसर चमकतो आणि काहीच होत नाही. ‘शत्रूची टेक्नॉलॉजी आपल्यापेक्षा पुढे आहे’ असं कोणी भाषणात सांगत बसत नाही, तुमच्या बोटांना ते कळतं. मग काही मिशन्सनंतर तुमच्या यानाला शील्ड बसते तेव्हा जीव भांड्यात पडतो. ती शील्ड तुम्ही कमावलेली असते.

दुसऱ्या भागात शील्ड पहिल्या मिशनपासून असते. डायरेक्ट खेळणाऱ्याला ती कीबोर्डवरची आणखी एक की वाटते. ज्याने पहिला भाग खेळलाय त्याला माहीत असतं की या कीसाठी किती माणसं मेली.

पहिल्या भागाचा शेवटही आठवा. ल्युसिफरला कोणतंच शस्त्र लागू पडत नाही. ती वासुदनांचा मूळ ग्रह, वासुदा प्राइम, जाळून टाकते. तुम्ही ज्या जहाजावरून उडत होता ती ‘गॅलटिया’ही तिच्याकडून नष्ट होते, आणि तुमची बदली ‘बॅस्टियन’वर होते. मग हजारो वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या एका जमातीचे, ‘एन्शंट्स’चे, अवशेष सापडतात. त्यांनाही शिवनांनीच संपवलं होतं. त्यांच्या लिखाणातून कळतं की सबस्पेसमध्ये, म्हणजे एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे जायच्या त्या बोगद्यात, शील्ड चालत नाही. ल्युसिफर पृथ्वीकडे निघालेली असताना तुम्ही तिच्या मागोमाग बोगद्यात घुसता आणि तिचे रिअॅक्टर फोडता. ती फुटते, पण तिच्या स्फोटाने पृथ्वीकडे जायचा तो एकुलता एक रस्ताही कोसळतो. पृथ्वी वाचली, पण कायमची तुटली. बाहेर असलेल्या कोणालाच आता घरी जाता येणार नाही.

हॉस्टेलवर राहणाऱ्यांना हा शेवट जास्त लागतो, असं माझं निरीक्षण आहे. आम्हाला निदान दिवाळीला एसटी मिळते.

दुसरा भाग बत्तीस वर्षांनी, २३६७ मध्ये सुरू होतो. टेरन आणि वासुदन आता एकाच झेंड्याखाली आहेत. पृथ्वी नसलेली एक आख्खी पिढी मोठी झाली आहे. या जखमेवर बोट ठेवून अॅडमिरल बॉश नावाचा माणूस बंड करतो. त्याला वासुदनांबरोबरची युती मोडायची आहे. डायरेक्ट खेळणाऱ्याला बॉश म्हणजे नेहमीचा व्हिलन वाटतो. पहिला भाग खेळलेल्याला त्याच्या माणसांचा राग कुठून येतो ते आतून माहीत असतं, कारण पहिल्या काही मिशन्समध्ये त्याने स्वतःच वासुदन मारलेले असतात. बॉश चूक आहे हे आपल्याला कळतं, पण परका वाटत नाही. दुसऱ्या भागातला हा सगळ्यात चांगला परिणाम आहे आणि तो दुसऱ्या भागात कुठेच ठेवलेला नाही. तो तुम्हाला पहिल्यातून घेऊन यावा लागतो.

पुढे बंडाच्या धुमश्चक्रीत ‘नॉसॉस’ नावाचं एक प्रचंड यंत्र सापडतं, एन्शंट्सनी बांधलेलं. ते एक जुना रस्ता उघडतं आणि त्या रस्त्याने शिवन पुन्हा येतात. डायरेक्टवाल्यांना तिथे फक्त एक मोठी फिरती कडी दिसते. पहिला भाग खेळलेला माणूस मात्र खुर्चीत सरळ होऊन बसतो, कारण हे बांधणाऱ्यांचं पुढे काय झालं ते त्याने ऐकलेलं असतं.

आता ‘कोलोसस’कडे येऊ, कारण माझा खरा मुद्दा तिथे आहे. ल्युसिफरचा धडा घेऊन युतीने वीस वर्षं खपून एक जहाज बांधलेलं असतं. लांबी सहा किलोमीटर. उद्देश एकच: पुन्हा ल्युसिफर आली तर तिला समोरासमोर पाडायचं. आणि शिवन येतात ते ‘साथानस’ नावाचं, ल्युसिफरपेक्षा कितीतरी मोठं जहाज घेऊन. तुम्ही आधी जाऊन तिच्या पुढच्या चार बीम तोफा निकामी करता, मग कोलोसस येऊन तिला फोडते. सगळीकडे जल्लोष. वीस वर्षांची मेहनत फळाला आली.

मग दुसरी साथानस येते. मग आणखी. शेवटी त्यांची संख्या ऐंशीच्या वर जाते.

हे बघताना मला एकच गोष्ट आठवली, ती म्हणजे आपली परीक्षेची तयारी. मागच्या पाच वर्षांचे पेपर सोडवायचे, ‘हा प्रश्न फिक्स आहे’ म्हणायचं आणि जायचं. युतीने नेमकं तेच केलं. २३३५ चा पेपर त्यांनी वीस वर्षं घोटला आणि शंभरपैकी शंभर मिळतील इतका पक्का केला. पेपर मात्र नवीन आला. बरं, ते मूर्ख होते का? अजिबात नाही. एकच महाकाय जहाज आलं होतं, ते पाडल्यावर युद्ध संपलं होतं, मग पुढच्या वेळचं उत्तर ‘त्याहून महाकाय जहाज’ हेच कोणालाही सुचेल. पण शिवन का आले, कुठून आले, त्यांना काय हवं होतं, हे प्रश्न कोणी अभ्यासालाच घेतले नाहीत. ते विचारणारा एकच माणूस होता, तो म्हणजे बंडखोर बॉश. सगळा रक्तपात करून तो शिवनांशी बोलायला निघतो, आणि शिवन त्याला उचलून घेऊन जातात. ते काय बोलले हे आपल्याला कधीच कळत नाही.

शेवटी कोलोसस दुसऱ्या एका साथानसकडून फुटते, तीसुद्धा शत्रूचं लक्ष दुसरीकडे वळवण्याच्या कामात. शिवनांची जहाजं कॅपेला ताऱ्याभोवती जमतात आणि तो ताराच उडवून देतात. युतीला फक्त पळता येतं आणि मागचे रस्ते बंद करता येतात. ते कसे करतात माहीत आहे? एका मोठ्या जहाजात बॉम्ब भरून ते जंप नोडच्या आत उडवायचं. ल्युसिफर फुटली तेव्हा रस्ता कोसळला होता ना, तोच प्रयोग मुद्दाम करायचा. आणि त्यासाठी जी जहाजं निवडली जातात त्यांतलं एक असतं ‘बॅस्टियन’. तीच बॅस्टियन, जिच्यावरून बत्तीस वर्षांपूर्वी आपण ल्युसिफरच्या मागे उडालो होतो.

डायरेक्ट खेळणाऱ्यांसाठी ते एक जुनाट जहाज असतं. त्याला वाचवत नोडपर्यंत न्यायचं, मिशन संपवायचं, एस्केप दाबून मेसला जायचं. मला त्या मिशननंतर जेवण गेलं नाही. एवढाच फरक आहे, आणि माझ्या मते तो एवढुसा नाही.

मग दोघांत श्रेष्ठ कोण? मला विचाराल तर दुसरा. पण बीम तोफांमुळे नाही. पहिला भाग तुम्हाला सांगतो की अभ्यास करा, शत्रूची एक कमजोरी शोधा, जिंकाल. दुसरा भाग तीच पद्धत पुन्हा वापरू देतो, एकदा जिंकूही देतो आणि मग दाखवतो की ते पुरेसं नव्हतं. शेवटच्या मिशनमध्ये तुम्ही हीरो नसता. लोकांनी भरलेली जहाजं नोडपर्यंत पोचेपर्यंत राखण करायची आणि वेळ संपत आली की निघायचं. कोणी मुद्दाम थांबून अजून थोडी माणसं वाचवायला गेलं तर ताऱ्याबरोबर तेही जातं, आणि अॅडमिरल पेट्रार्क त्याच्यासाठी वेगळं बोलतात. एवढा कडू शेवट करायला हिंमत लागते. पण तो शेवट कडू लागायला आधी पहिल्या भागातला विजय जिभेवर असावा लागतो. नुसता दुसरा खेळलात तर तो एक लांबलचक पराभव आहे, बस.

पहिल्या भागाची एक गोष्ट तर दुसऱ्याला कधीच जमली नसती: ती पहिली भीती. ओळखीच्या शत्रूची भीती वाटू शकते, पण अनोळखी शत्रूची एकदाच वाटते. दुसऱ्या भागाला म्हणूनच धुकं आणावं लागलं.

आता काही जण म्हणतील, एका गेमवरून एवढं पुराण कशाला? तर त्याचं कारण आपल्या लायब्ररीत मागच्या कपाटात आहे. तिथे बी.ई.च्या प्रोजेक्टांचे काळ्या बाइंडिंगचे रिपोर्ट रांगेने लावलेले आहेत. हजेरीची सिस्टीम कार्डवर, मग हजेरीची सिस्टीम बोटाच्या ठशावर, मग हजेरीची सिस्टीम चेहऱ्यावर. प्रत्येक नवा ग्रुप ‘आमचं अॅडव्हान्स्ड आहे’ म्हणतो आणि आधीचा रिपोर्ट उघडतो तो फक्त इंडेक्सचा फॉरमॅट बघायला. शेवटचं ‘फ्युचर स्कोप’चं पान तर जसंच्या तसं उतरवलं जातं. म्हणजे आधीच्यांनी ‘हे आम्हाला जमलं नाही, पुढच्यांनी बघा’ म्हणून जे लिहून ठेवलं, ते पुढचे बघत नाहीत, तेही त्याच्या पुढच्यांना देऊन टाकतात! कोलोसस अशीच बांधली जाते. मोठी, महाग आणि मागच्या प्रश्नाचं उत्तर असलेली. ‘पहिला भाग जुना आहे, सोड’ ही सवय गेमपुरती राहत नाही, म्हणून मला ती खटकते.

याच्या उलट उदाहरणही याच खेळाचं आहे. दुसऱ्या भागाचं समीक्षकांनी भरभरून कौतुक केलं, पण तो विकला गेला नाही. २००० साली व्होलिशन कंपनी टीएचक्यूने विकत घेतली, खेळाचे हक्क राहिले इंटरप्लेकडे, आणि तिसरा भाग लटकला तो लटकलाच. पण २००२ मध्ये व्होलिशनने दुसऱ्या भागाचा सोर्स कोड लोकांसाठी खुला केला. तेव्हापासून जगभरचे हौशी लोक पगाराशिवाय त्यावर काम करत आले आहेत. २०१२ साली याच इंजिनावर ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’च्या जगातला ‘डायास्पोरा’ नावाचा आख्खा वेगळा खेळ उभा राहिला. व्होलिशन ऑगस्ट २०२३ मध्ये बंद पडली, खेळ चालूच आहे. आणि त्या लोकांनी आणखी काय केलं असेल? पहिला भाग उचलून दुसऱ्याच्या सुधारित इंजिनात बसवला, म्हणजे नव्या माणसाला तो सुरुवातीपासून खेळता यावा. ज्यांना दुसरा भाग सगळ्यात जास्त आवडतो त्यांनीच पहिल्यासाठी एवढी मेहनत घेतली, यातच माझ्या लेखाचं उत्तर आहे.

तर ज्युनिअर्सना सल्ला. ‘फ्रीस्पेस ओपन’ हे खुलं इंजिन आपल्या साध्या लॅपटॉपवरही बऱ्यापैकी चालतं, जॉयस्टिक नसली तरी माउस-कीबोर्डवर भागतं. पहिल्या भागाचं ‘फ्रीस्पेस पोर्ट’ घ्या आणि सेमिस्टरच्या सुरुवातीला रोज एखादी मिशन याप्रमाणे उरकून टाका. (पीएलमध्ये सुरू करू नका, नाहीतर एम-थ्रीचं पाप माझ्या माथी येईल.) ‘सायलेंट थ्रेट’ नावाची पुरवणी वगळली तरी चालेल. त्यानंतर दुसरा भाग सुरू करा, आणि बॅस्टियनची मिशन येईल त्या रात्री माझ्या रूमचं दार वाजवा. चहा मी करीन.

– टी. ई. (कॉम्प्युटर), मुलींचं वसतिगृह